बंदिवासातील रंजकहीन सरपटणाऱ्या प्राण्यांचे आरोग्य व संगोपन : एक चिकित्सक अभ्यास

सारांश

त्वचेतील व डोळ्यांतील कृष्णरंजकाचा म्हणजे मेलॅनिनचा जन्मजात अभाव म्हणजे रंजकहीनता होय. निसर्गात क्वचित आढळणारी ही अवस्था बंदिवासातील साप, पाली, कासवे व मगरी यांच्या प्रजननामुळे आज जगभर सहज दृष्टीस पडते. पांढऱ्या-पिवळ्या रंगामुळे या प्राण्यांचे आकर्षण वाढले. तथापि मेलॅनिन हे केवळ शोभेचे द्रव्य नसल्याने त्याच्या अभावाचे परिणाम दृष्टी, त्वचा, आहारग्रहण आणि रोगनिदान या सर्वांवर होतात. प्रस्तुत लेखात रंजकहीनतेचे जीवशास्त्रीय स्वरूप, आरोग्यविषयक समस्या, संगोपनाची तत्त्वे, अंतःप्रजननाचे धोके आणि भारतातील कायदेशीर स्थिती यांचा विचार केला आहे.

बीजशब्द : रंजकहीनता, मेलॅनिन, सरीसृप, अतिनील किरण, अंतःप्रजनन, वन्यजीव कायदा

१. प्रस्तावना

महाराष्ट्रात एखाद्या गावी पांढरा नाग किंवा पिवळसर धामण सापडली की दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. काहींच्या मते तो दैवी चमत्कार असतो, तर काहींच्या मते ती सापाची एखादी नवीनच जात असते. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने या दोन्ही समजुती निराधार आहेत. असा साप त्याच्या जातीतील इतर सापांसारखाच असतो. फक्त त्याच्या शरीरात कृष्णरंजक तयार होत नाही. नाग पांढरा असला तरी त्याचे विष नागाचेच असते, हे सर्पमित्रांना वारंवार समजावून सांगावे लागते.

दुसरीकडे शहरांमध्ये विदेशी प्राणी पाळण्याची हौस गेल्या दोन दशकांत वाढली. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात खाद्यपदार्थांच्या पाकिटांत दडविलेले बॉल पायथन व कॉर्न स्नेक आढळले होते. या दोन्ही जाती रंगबदलाच्या प्रजननासाठी जगभर प्रसिद्ध आहेत आणि रंजकहीन वाण हा त्या व्यापाराचा आरंभबिंदू आहे. म्हणजेच हा विषय आता केवळ परदेशी छंदिष्टांपुरता उरलेला नाही. प्राणिसंग्रहालये, पशुवैद्य, वनविभाग आणि महाविद्यालयांतील प्राणिशास्त्र विभाग या सर्वांपुढे तो केव्हाही येऊ शकतो. अशा प्रसंगी प्राण्याचे काय करावे, याचे उत्तर त्याच्या शरीरक्रियेच्या आकलनावरच अवलंबून राहते.

२. अभ्यासाची उद्दिष्टे

१) सरपटणाऱ्या प्राण्यांतील रंजकहीनतेचे स्वरूप व तिची आनुवंशिकता स्पष्ट करणे.
२) रंजकहीनतेमुळे उद्भवणाऱ्या आरोग्यविषयक समस्यांचा परामर्श घेणे.
३) बंदिवासातील संगोपनाची शास्त्रीय तत्त्वे मांडणे.
४) रंगासाठी केल्या जाणाऱ्या प्रजननाची नैतिक व कायदेशीर बाजू तपासणे.

३. रंजकहीनता : स्वरूप व कारणे

सस्तन प्राण्यांच्या त्वचेचा रंग प्रामुख्याने एकाच रंजकावर अवलंबून असतो. सरपटणाऱ्या प्राण्यांत मात्र त्वचेचा रंग अनेक प्रकारच्या रंगपेशींच्या एकत्रित परिणामातून निर्माण होतो. कृष्णपेशींमध्ये काळे-तपकिरी मेलॅनिन असते. पीतपेशी व रक्तपेशीसदृश लाल रंगपेशींमध्ये पिवळी व तांबडी द्रव्ये असतात. परावर्तक पेशींमध्ये ग्वानीनचे सूक्ष्म स्फटिक असून त्यांवरून प्रकाश परावर्तित होतो. रंजकहीनतेत यांपैकी केवळ मेलॅनिनचा लोप होतो, बाकीचे रंग शिल्लक राहतात. त्यामुळेच रंजकहीन ब्रह्मी अजगर पांढराशुभ्र न दिसता पांढऱ्यावर पिवळे-नारिंगी पट्टे असलेला दिसतो आणि रंजकहीन कॉर्न स्नेक लालभडक दिसतो. 'पांढरा तोच रंजकहीन' हे समीकरण या प्राण्यांच्या बाबतीत लागू पडत नाही.

मेलॅनिनची निर्मिती टायरोसीन या अमिनो आम्लापासून होते. या साखळीतील पहिली व निर्णायक पायरी टायरोसिनेज या विकराच्या साहाय्याने पार पडते. हा विकर निकामी असल्यास मेलॅनिन मुळीच तयार होत नाही. विकर कार्यक्षम असूनही साखळीतील अन्य एखादा दुवा सदोष असल्यास अल्प प्रमाणात रंजक तयार होऊ शकते आणि प्राण्याचा रंग फिकट तपकिरी वा जांभळट दिसतो. पालकवर्गात या दोन प्रकारांना अनुक्रमे 'टी-निगेटिव्ह' व 'टी-पॉझिटिव्ह' असे संबोधले जाते.

रंजकहीनतेची गल्लत श्वेतवर्णतेशी म्हणजे ल्युसिझमशी वारंवार केली जाते. श्वेतवर्णतेत भ्रूणावस्थेतच रंगपेशी त्वचेत नीट पोहोचत नाहीत वा टिकत नाहीत. त्यामुळे सर्वच रंग नाहीसे होतात. मात्र दृष्टिपटलामागील रंजकथराचा उगम वेगळ्या ऊतीतून होत असल्याने डोळे काळे अथवा निळे राहतात. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात १९८७ साली सापडलेली अठरा पांढरी अ‍ॅलिगेटर पिले निळ्या डोळ्यांची होती. ती रंजकहीन नसून श्वेतवर्णी होती. खऱ्या रंजकहीन प्राण्याचे डोळे रक्तवाहिन्यांचा रंग दिसल्यामुळे गुलाबी वा लाल भासतात. हा फरक केवळ नामकरणापुरता नाही. डोळ्यात रंजक आहे की नाही, यावरच त्या प्राण्याला प्रकाश किती सोसेल हे ठरते. म्हणून संगोपनाचा पहिला प्रश्न त्वचेचा रंग कोणता, हा नसून डोळ्याचा रंग कोणता, हा आहे.

४. आनुवंशिकता व संशोधनाचा इतिहास

सापांतील रंजकहीनतेच्या अभ्यासाचा प्रारंभ कॉर्न स्नेकपासून झाला. १९५३ साली उत्तर कॅरोलायनात पकडलेल्या एका रंजकहीन नरापासून बर्नार्ड बेक्टेल यांनी पुढे प्रजनन घडवून आणले आणि हा गुणधर्म मेंडेलच्या नियमानुसार अप्रभावी रीतीने संक्रमित होतो, हे १९६२ साली प्रसिद्ध केले. जिनिव्हा विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ साली या सापातील दोष ओसीए-२ या जनुकात शिरलेल्या एका फिरत्या डीएनए-खंडाशी निगडित असल्याचे दाखविले. बॉल पायथनच्या बाबतीत २०२२ साली प्रसिद्ध झालेले संशोधन उल्लेखनीय आहे. प्राण्यांना कोणतीही इजा न करता पालकांनी पाठविलेल्या कातींमधून डीएनए मिळविण्यात आले. त्यातून या जातीतील नेहमीच्या रंजकहीन वाणाचा संबंध टायरोसिनेजच्या जनुकाशी, तर 'लॅव्हेंडर' नावाने ओळखल्या जाणाऱ्या वाणाचा संबंध ओसीए-२ शी असल्याचे दिसून आले.

अप्रभावी गुणधर्माचे गणित संगोपनाच्या दृष्टीने समजून घेणे आवश्यक आहे. दिसायला सामान्य, परंतु सदोष जनुक बाळगणाऱ्या दोन वाहकांचा संकर केल्यास सरासरीने एकचतुर्थांश पिले रंजकहीन, निम्मी वाहक आणि एकचतुर्थांश पूर्णतः सामान्य निपजतात. बारा अंडी असल्यास अपेक्षित संख्या अनुक्रमे तीन, सहा व तीन अशी येते. सामान्य दिसणाऱ्या नऊ पिलांपैकी सहा, म्हणजे दोनतृतीयांश, वाहक असतात. परंतु ती कोणती, हे रंगावरून सांगता येत नाही.

याच संदर्भात बिबट्या गेको या पालीचे उदाहरण बोधप्रद ठरते. अफगाणिस्तान, पाकिस्तान व वायव्य भारत या भागांतील ही पाल परदेशात मोठ्या प्रमाणावर पाळली जाते. हिच्या ट्रेम्पर, बेल व रेनवॉटर अशा तीन रंजकहीन वंशावळी आहेत. दोन भिन्न वंशावळींतील रंजकहीन पालींचा संकर केल्यास सर्व पिले सामान्य रंगाची निपजतात. दोष वेगवेगळ्या जनुकांत असल्याने प्रत्येक पालक दुसऱ्याची उणीव भरून काढतो. पदवी वर्गात पूरकता ही संकल्पना शिकविताना वाटाण्याच्या फुलांबरोबर हे उदाहरणही देण्याजोगे आहे.

२०१९ साली अमेरिकेतील जॉर्जिया विद्यापीठात जनुकसंपादनाच्या तंत्राने तपकिरी अ‍ॅनोल या सरड्याची रंजकहीन पिले निर्माण करण्यात आली. रंजकहीन माणसांच्या दृष्टिपटलातील तीक्ष्ण दृष्टीचा खळगा नीट विकसित होत नाही. उंदरांमध्ये हा खळगाच नसतो. अ‍ॅनोलच्या डोळ्यात मात्र तो असतो. म्हणूनच या संशोधनासाठी सरड्याची निवड करण्यात आली. सरपटणाऱ्या प्राण्यांतील रंजकहीनतेचा अभ्यास अशा प्रकारे मानवी नेत्रविज्ञानाशीही जोडला गेला आहे.

५. आरोग्यविषयक समस्या

५.१ दृष्टी : डोळ्यात मेलॅनिन प्रकाश शोषून घेण्याचे काम करते. त्याच्या अभावी परितारिकेतून प्रकाश आरपार जातो, दृष्टिपटलावर विखुरतो आणि प्रतिमा अस्पष्ट होते. तीव्र प्रकाशात असे प्राणी डोळे मिटून घेतात, आडोसा सोडत नाहीत किंवा मान वळवून राहतात. सापांना पापण्या नसल्याने डोळे मिटण्याची सोयही नसते. पारदर्शक खवल्याचे आवरण प्रकाश अडवीत नाही. त्यांच्यापुढे लपणे हाच एक उपाय उरतो.

या उणिवेचे परिणाम सर्व गटांत सारखे नाहीत. अजगर व बोआ यांच्या ओठांवरील उष्णतासंवेदी अवयव आणि सर्व सापांची जीभ व जेकबसन इंद्रिय यांमुळे भक्ष्य शोधण्यासाठी त्यांना डोळ्यांवर फारसे विसंबावे लागत नाही. म्हणूनच रंजकहीन अजगर बंदिवासात उत्तम वाढतात. दिवसा दृष्टीच्या बळावर कीटक टिपणारे सरडे, कासवे आणि मगरी यांची स्थिती अधिक बिकट असते.

या संदर्भात सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेसमधील 'क्लॉड' या रंजकहीन अ‍ॅलिगेटरचे उदाहरण उद्बोधक आहे. १९९५ साली लुइझियानात जन्मलेला हा नर २००८ साली या संस्थेत आला. त्याच्यासमवेत एक सामान्य रंगाची मादीही ठेवण्यात आली होती. दृष्टी अत्यंत क्षीण असल्याने क्लॉडचा तिला धक्का लागत असे. अखेर तिने त्याच्या पायाच्या बोटाचा चावा घेतला, जखम चिघळली आणि ते बोट काढून टाकावे लागले. त्यानंतर मादीला हलविण्यात आले. स्वजातीयांपासून वेगळे ठेवल्यावर, छताखालील जागेत व तापविलेल्या खडकाच्या आधाराने क्लॉड पुढे अनेक वर्षे जगला. २०२५ साली वयाच्या तिसाव्या वर्षी त्याचा मृत्यू झाला. त्याच्या आयुष्याची ही लांबी बंदिवासातील काळजीची साक्ष देते, तर गमावलेले बोट सहवासाच्या निवडीतील धोका दाखविते. रंजकहीन प्राण्याला सोबत देणे ही त्याच्यावर केलेली कृपा ठरेलच असे नाही.

५.२ त्वचा : मेलॅनिन अतिनील किरण शोषून खालच्या पेशींचे रक्षण करते. हे कवच नसल्याने रंजकहीन प्राण्यांच्या त्वचेत किरण अधिक खोलवर शिरतात. लालसरपणा, खवल्यांखाली द्रव साचणे, त्वचा सोलवटणे आणि डोळ्याच्या पारपटलाचा दाह ही अतिप्रकाशाची लक्षणे होत. सदोष वा अतितीव्र दिव्यांमुळे सामान्य रंगाच्या प्राण्यांनाही अशी इजा होऊ शकते, हे एका बॉल पायथन व एका निळजिभ्या स्किंकच्या बाबतीत २००९ साली नोंदविले गेले आहे. रंजकहीन प्राण्यांच्या बाबतीत ही मर्यादा अर्थातच लवकर ओलांडली जाते.

५.३ रोगनिदानातील अडचणी : हा मुद्दा सहसा दुर्लक्षित राहतो. रंजकहीन प्राण्याची कातडी पारभासक असल्याने रक्तदोषात पोटाकडील खवल्यांवर उमटणारे लाल ठिपके, माइटच्या चाव्यांच्या खुणा किंवा तापलेल्या पृष्ठभागाने झालेला दाह लवकर दिसतो. ही एक सोय होय. परंतु याच कारणाने कात टाकण्यापूर्वीची नैसर्गिक गुलाबी छटा रोग म्हणून गणली जाण्याची शक्यता असते, तर मूळच्याच पिवळ्या त्वचेवर कावीळ ओळखू येत नाही. सामान्य सापाचे डोळे कात टाकण्यापूर्वी निळसर-दुधी होतात. रंजकहीन सापात हा बदल गुलाबी डोळ्यावर फिकट धुके आल्यासारखा दिसतो व चटकन लक्षात येत नाही. म्हणून प्रत्येक प्राण्याची निरोगी अवस्थेतील छायाचित्रे आणि वजनाची नोंद ठेवणे अगत्याचे आहे. तुलनेला आधार असेल तरच बदल ओळखता येतो.

५.४ अन्य विकार : श्वसनमार्गाचा संसर्ग, तोंडातील व्रण, बाह्य व आंतरिक परजीवी, कॅल्शियमच्या अभावाने होणारा अस्थिविकार इत्यादी रोग रंजकहीन प्राण्यांत इतरांप्रमाणेच होतात. रंगामुळे हे रोग उद्भवतात असे मानण्यास आधार नाही. त्यांचे मूळ बहुधा तापमान, आर्द्रता व आहार यांतील चुकांत असते.

६. संगोपनाची तत्त्वे

६.१ प्रकाश : संगोपनातील सर्वांत महत्त्वाचा घटक प्रकाश हा होय. रंजकहीन प्राण्याला अंधारात कोंडणे हे योग्य नाही, तसेच त्याला प्रखर दिव्याखाली ठेवणेही योग्य नाही. दिवस-रात्रीचे चक्र राखण्यासाठी सौम्य प्रकाश सुमारे बारा तास द्यावा. दिवा नेहमी वरच्या बाजूस असावा, बाजूने डोळ्यांवर येणारा नसावा. पेटीच्या निम्म्याहून अधिक भागात सावली आणि किमान दोन लपण्याच्या जागा असाव्यात, पैकी एक उबदार व एक थंड बाजूस. रात्री रंगीत दिवे लावू नयेत. पूर्ण अंधार हीच निशाचर प्राण्याची नैसर्गिक गरज आहे.

अतिनील-बी किरणांचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. या किरणांमुळे त्वचेत जीवनसत्त्व ड-३ तयार होते आणि त्यावर कॅल्शियमचे शोषण अवलंबून असते. तथापि सर्व जातींची गरज सारखी नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात कॉर्न स्नेकच्या रक्तातील या जीवनसत्त्वाची पातळी अतिनील प्रकाशाने वाढल्याचे आढळले, तर २०१३ साली बॉल पायथनवरील अभ्यासात तसा लक्षणीय फरक दिसला नाही. गॅरी फर्ग्युसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली रानातील सरपटणाऱ्या प्राण्यांना प्रत्यक्षात लाभणाऱ्या अतिनील निर्देशांकानुसार चार गट सुचविले. त्यांतील पहिल्या गटाची सरासरी मर्यादा ०.७ पर्यंत, तर चौथ्या गटाची २.६ ते ३.५ अशी आहे. रंजकहीन प्राण्यासाठी त्याच्या जातीच्या गटातील किमान पातळीपासून प्रारंभ करावा, दिव्याचे अंतर निर्देशांकमापकाने तपासावे आणि प्राणी किरणांच्या कक्षेबाहेर सहज जाऊ शकेल अशी रचना ठेवावी. जेथे मापनाची सोय नाही, तेथे आहारातून ड-३ पुरविणे अधिक सुरक्षित ठरते. मात्र त्याचा अतिरेकही विषारी असल्याने मात्रा पशुवैद्याने ठरवावी.

'थोडे ऊन दाखवावे' या सद्हेतूने काचेची पेटी उन्हात ठेवणे ही एक घातक चूक होय. काच अतिनील-बी किरण बहुतांशी अडविते आणि उष्णता मात्र कोंडून ठेवते. परिणामी लाभ काहीच होत नाही आणि पेटीचे तापमान काही मिनिटांत प्राणघातक पातळी गाठते. विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात तर हा धोका सावलीतील बंद खोलीतही संभवतो.

६.२ तापमान व आर्द्रता : सरपटणारे प्राणी शरीराचे तापमान बाह्य उष्णतेच्या आधारे राखतात. त्यामुळे पेटीत एकच तापमान न ठेवता उबदार टोकापासून थंड टोकापर्यंत उतार ठेवावा लागतो. बॉल पायथनसाठी उबदार टोक सुमारे ३१ ते ३३ अंश सेल्सिअस व थंड टोक २४ ते २६ अंश, कॉर्न स्नेकसाठी अनुक्रमे २८ ते ३० व २२ ते २४ अंश असावे. येथे रंजकहीनतेमुळे एक पेच निर्माण होतो. उष्णतेसाठी सामान्यतः प्रखर दिवा वापरला जातो. परंतु प्रकाश टाळू पाहणारा रंजकहीन प्राणी त्याबरोबर उष्णताही टाळतो. पुरेशा उष्णतेअभावी अन्न पचत नाही, प्रतिकारशक्ती घटते आणि श्वसनविकार जडतो. पालक मात्र 'प्राणी लाजाळू आहे' अशी समजूत करून घेतो. यासाठी उष्णता आणि प्रकाश यांचे स्रोत वेगळे करावेत. प्रकाशरहित सिरॅमिक तापक किंवा तळाशी बसविलेली तापपट्टी तापनियंत्रकासह वापरावी. तापक जाळीने झाकलेला असावा, अन्यथा भाजण्याचा धोका संभवतो.

आर्द्रता अपुरी असल्यास कात तुकड्यातुकड्यांनी निघते आणि डोळ्यावरील खवला तसाच राहतो. आधीच अधू असलेली दृष्टी त्यामुळे आणखी मंदावते. असा खवला चिमट्याने ओढू नये. ओलसर शेवाळ ठेवलेल्या बंद डब्यात प्राण्याला काही काळ ठेवून तो मऊ होऊ द्यावा व तरीही न सुटल्यास पशुवैद्याचे साहाय्य घ्यावे.

६.३ आहार : सापांना मृत भक्ष्य द्यावे. जिवंत उंदीर मंददृष्टी सापाला चावून गंभीर जखमी करू शकतो. भक्ष्य कोमट करून लांब चिमट्याने दिल्यास वास व उष्णता यांच्या आधारे साप ते सहज ओळखतो. कीटकभक्षी पालींना कीटक मोकळे सोडण्याऐवजी उथळ, फिकट रंगाच्या भांड्यात द्यावेत व त्यांवर कॅल्शियमची भुकटी शिंपडावी. अन्न दररोज ठरावीक जागी मिळाल्यास प्राणी डोळ्यांऐवजी सवयीवर विसंबतो. पेटीतील मांडणी वारंवार बदलू नये, हेही याच कारणास्तव.

६.४ हाताळणी व स्वच्छता : रंजकहीन प्राण्यास अचानक वरून पकडल्यास तो शत्रू समजून चावा घेतो. बाजूने, हळूहळू व स्पर्शाची पूर्वसूचना देऊन हाताळावे. नवीन प्राणी किमान दोन ते तीन महिने विलग ठेवावा. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विष्ठेतून साल्मोनेला जीवाणू संक्रमित होऊ शकत असल्याने हाताळणीनंतर साबणाने हात धुणे अनिवार्य आहे.

७. रंगासाठी प्रजनन : एक नैतिक प्रश्न

बंदिवासातील रंजकहीन प्राण्यांच्या आरोग्याचा विचार केवळ पेटीच्या रचनेपाशी थांबत नाही. त्यांपैकी बहुसंख्य प्राणी मुद्दाम जन्माला घातलेले असतात. एका रंजकहीन नरापासून लवकर पिले मिळविण्याचा सोपा मार्ग म्हणजे त्याचा संकर त्याच्याच मुलीशी करणे. अशा संकरातील पिलांचा अंतःप्रजनन गुणांक ०.२५ ने वाढतो. म्हणजे एकाच पूर्वजाकडून आलेली जनुकाची जोडी जुळण्याची शक्यता एकचतुर्थांश होते. रंगाचे जनुक जुळते, त्याप्रमाणेच दडलेले अन्य दोषही जुळतात. नात्याबाहेरच्या सामान्य प्राण्याशी संकर करून वाहक मिळविणे व पुढील पिढीत रंजकहीन पिले मिळविणे हा आरोग्यदायी मार्ग आहे. परंतु तो काही वर्षे लांबतो. बॉल पायथनची मादी प्रजननक्षम होण्यास सुमारे तीन वर्षे वा अधिक लागतात. बाजाराला एवढा धीर नसतो.

रंग हा वरवरचा गुण असतो, या समजुतीला छेद देणारे उदाहरण बिबट्या गेकोतच आढळले. 'लेमन फ्रॉस्ट' नावाचा पांढरट वाण रंजकहीन नव्हे; त्यात परावर्तक पेशींची अतिवाढ असते. या वाणातील ऐंशी टक्क्यांहून अधिक पालींना याच पेशींचे अर्बुद होत असल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात स्पष्ट झाले. ज्या गुणामुळे पाल मौल्यवान ठरली, तोच तिच्या रोगाचे कारण होता. रंजकहीनता इतकी घातक नाही, हे मान्य करावे लागते. परंतु एखाद्या वाणाचे मूल्य ठरविताना प्रथम त्याचा रंग व नंतर त्याची प्रकृती पाहिली जाते, ही रीत दोन्ही ठिकाणी सारखीच आहे.

भारतीय वाचकास याचे जवळचे उदाहरण पांढऱ्या वाघाचे होय. १९५१ साली रेवा संस्थानच्या परिसरात पकडलेल्या 'मोहन' या नरापासून त्याच्या मुलीशी संकर करून पांढऱ्या वाघांची परंपरा निर्माण झाली. अमेरिकेतील प्राणिसंग्रहालयांच्या संघटनेने २०११ साली अशा दुर्मीळ अप्रभावी गुणांसाठी मुद्दाम प्रजनन करू नये, अशी भूमिका घेतली. पिंजऱ्यासमोरील गर्दी हे संवर्धनाचे माप नव्हे, हा त्यामागील आशय सापांनाही तितकाच लागू पडतो.

८. भारतातील स्थिती

भारतात निसर्गतः जन्मलेल्या रंजकहीन सरीसृपांच्या नोंदी वेळोवेळी होत असतात. जुलै २०२० मध्ये ओडिशातील बालासोर जिल्ह्यात व त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पश्चिम बंगालमधील बर्धमान येथे पिवळ्या रंगाची कासवे सापडली. ती नेहमीच्या भारतीय झडपकवची कासवाचीच रंजकहीन पिढी होती. भितरकनिका येथील लोक अंशतः पांढऱ्या खाऱ्या पाण्यातील मगरीला शंखाच्या रंगावरून 'शंखुआ' म्हणतात. १९७५ साली डांगमाळ येथे सुरू झालेल्या मगर संवर्धन प्रकल्पातील 'गोरी' ही मगर अशीच प्रसिद्ध झाली.

कायद्याच्या दृष्टीने प्राण्याचा रंग गौण आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित असलेला नाग पांढरा असला तरी तो नागच असतो. तो बाळगणे, प्रदर्शित करणे वा विकणे हा गुन्हा ठरतो. मान्यताप्राप्त प्राणिसंग्रहालयाव्यतिरिक्त अन्य संस्थेस, त्यात महाविद्यालयही आले, परवानगीशिवाय असा प्राणी ठेवता येत नाही. विदेशी प्राण्यांबाबत केंद्र शासनाने जून २०२० मध्ये स्वेच्छा-नोंदणीची सूचना काढली. पुढे २०२२ च्या दुरुस्तीने आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या परिशिष्टांतील जाती कायद्याच्या कक्षेत आल्या आणि २०२४ च्या नियमांन्वये अशा प्राण्यांची 'परिवेश' संकेतस्थळावर नोंदणी बंधनकारक झाली. बॉल पायथन या परिशिष्टांपैकी दुसऱ्यात समाविष्ट आहे. मालकी, हस्तांतरण, जन्म व मृत्यू यांची नोंद त्यामुळे आवश्यक ठरते.

सर्पमित्राला रंजकहीन साप सापडल्यास तो सोडावा की ठेवावा, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. साप पूर्ण वाढलेला व धष्टपुष्ट असेल, तर त्या अवस्थेतही तो रानात जगू शकतो, हे त्याने स्वतःच सिद्ध केलेले असते. अशा सापाला दुर्मीळ म्हणून पेटीत ठेवणे हे त्याचे रक्षण नसून त्याची शिक्षा ठरते. नुकतेच जन्मलेले पिलू वा जखमी प्राणी असल्यास भक्षकांना तो चटकन दिसतो, हे खरे. तरीही निर्णय वनविभागानेच पशुवैद्याच्या सल्ल्याने घ्यावयाचा असतो. छायाचित्र, स्थळ, तारीख व डोळ्यांचा रंग यांची नोंद करणे हे मात्र प्रत्येक अभ्यासकाचे काम आहे.

९. निष्कर्ष

१) सरपटणाऱ्या प्राण्यांतील रंजकहीनता म्हणजे केवळ मेलॅनिनचा अभाव होय, ती श्वेतवर्णतेपासून डोळ्यांच्या रंगावरून वेगळी ओळखता येते.

२) तिचा प्रमुख परिणाम दृष्टी व त्वचेवर होतो. वास व उष्णता यांवर विसंबणारे साप तो पेलू शकतात. दृष्टीवर विसंबणारे सरडे, कासवे व मगरी यांना अधिक काळजीची गरज असते.

३) उष्णता व प्रकाश यांचे स्रोत वेगळे ठेवणे, सावली व आडोसा पुरविणे, अतिनील किरणांची मात्रा किमान पातळीवर ठेवून मोजणे आणि मांडणी स्थिर राखणे ही संगोपनाची चार सूत्रे होत.

४) रोगनिदानासाठी प्रत्येक प्राण्याची निरोगी अवस्थेतील नोंद आवश्यक आहे.

५) रंगासाठी नात्यातील संकर टाळावा. पालकाने प्राणी घेण्यापूर्वी त्याची वंशावळ व कायदेशीर नोंदणी यांची खातरजमा करावी.

१०. समारोप

रंजकहीन प्राणी हा निसर्गाचा चमत्कार नाही, तसाच तो शापही नाही. एका विकराच्या वा एका जनुकाच्या उणिवेसह जगणारा तो एक सामान्य जीव आहे. माणसाने त्याला बंदिवासात आणले किंवा बंदिवासातच जन्माला घातले, त्या क्षणी ती उणीव भरून काढण्याची जबाबदारी माणसावर येऊन पडते. महाविद्यालयीन प्राणिशास्त्राच्या वर्गात अशा प्राण्याचे छायाचित्र बहुधा मेंडेलच्या नियमांचे उदाहरण म्हणून दाखविले जाते. त्याच वेळी त्याच्या डोळ्यांना प्रकाश किती सोसतो, हा प्रश्नही विद्यार्थ्यांपुढे ठेवल्यास आनुवंशिकता आणि प्राणिकल्याण हे दोन्ही विषय एकाच तासात शिकविता येतील.